पुकाऱ्याला उभ्या राहणाऱ्या नीलाक्का

कोर्टाच्या दारात पट्टेवाल्याने कुणाच्याही नावाचा पुकारा केला की नीलाक्का उठून उभ्या राहत. नाव त्यांच्या पक्षकाराचं असो की समोरच्याचं, हातात चहाची बशी असो की कुणाची फाईल. तो माणूस आत जाईपर्यंत त्या उभ्याच असत. आलाच नाही, तर शेवटच्या हाकेनंतरही जरा वेळ थांबत आणि मग सावकाश बसत. व्हरांड्यातल्या वकील मंडळींची ती रोजची करमणूक होती. "बाई, तुमचं नाव नव्हतं हो," असं कुणीतरी म्हणायचंच.

"माहीत आहे की," अक्का म्हणत. "पण एवढ्या लोकांत त्याच्या एकट्याचं नाव घेतलंय. कुणीतरी उभं राहायला नको?"

वकील नीलांबिका कलशेट्टी. सोलापूरच्या कामगार कोर्टात बायकांच्या बाजूने उभी राहणारी पहिली बाई, असं आता सगळे सांगतात. त्यांच्यावर मागे एक चित्रपट निघाला. तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या शेवटी एक तरुण साक्षीदार कोर्टाच्या पायऱ्या धावत चढतो, धापा टाकत पिंजऱ्यात उभा राहतो, आणि त्याच्या साक्षीवर अक्का खटला जिंकतात. चित्रपटात त्या पोराचं नाव विश्वास आहे. खरा साक्षीदार दिगंबर मारुती माने, म्हणजे मी. मी पायऱ्या चढलो नव्हतो. ही गोष्ट अक्कांच्या समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघून एकदा बोलायची, एवढं एकच काम माझ्या आयुष्यात राहून गेलं होतं. ते कसं झालं, किंवा झालं नाही, ते सांगतो.

अक्का दिसायला ठेंगण्या. इरकल साडीवर काळा कोट, आणि कोटाचं वरचं बटण तुटल्यापासून तिथे एक मोठी पिन. घरी कानडी, कोर्टात मराठी, आणि राग आला की दोन्हीची मिसळ. बाररूममध्ये त्यांना बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्या बसल्या की शेजारच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होत. मग त्यांनी आपली बैठक व्हरांड्यातल्या बाकावरच मांडली. बाकी सगळे वकील 'साहेब', अक्का तेवढ्या 'बाई'. एकदा एक नवा वकील म्हणाला, "आम्ही आता तुम्हालाही साहेब म्हणणार." अक्का म्हणाल्या, "नको बा. साहेब लई झालेत हितं. बाई एकच आहे, लोकांना सापडायला सोपं." भर कोर्टात त्यांना कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही इकडे, मग घरी पोरंबाळं कोण बघतं? अक्कांनी लग्न केलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हेच समोरच्या वकीलसाहेबांना विचारा की. त्यांना चार आहेत."

स्वतःवर आलेलं त्या असं हसून उडवून लावत, आणि हसण्यासारखं नसलं तर एकच म्हणत, "इरली बिडु." म्हणजे, राहू दे, सोड. बाकावरून उठवलं, इरली बिडु. चहा गार झाला, इरली बिडु. पण पक्षकार बाई "जाऊ द्या अक्का, राहू द्या" म्हणाली, की त्या खवळत. "तुझं तू राहू देणारी कोण? तुझ्या मागं अजून दहाजणी यायच्यात त्या दारातनं."

मी तेव्हा एका टॉवेलच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. फोल्डिंग खात्यात भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी कामाला होती, सगळ्यांची भाग्या. पूर्व भागातल्या विणकराघरची, घरी तेलुगू बोलणारी. हाताला इतकी चपळ की तिच्या पुढ्यातला टॉवेलांचा ढीग कधी साचायचा नाही. तिला दिवस गेले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर तिथे आला. तिच्या पोटाकडे बघत म्हणाला, "उद्यापासून येऊ नको. बाळंतपणाची धर्मशाळा नाही काढलेली." ऐकणारे आम्ही दोघंच, ती आणि मी. पुढे कारखान्याने कोर्टात सांगितलं की बाई आपण होऊन काम सोडून गेली.

अक्का मला भेटायला कारखान्याच्या फाटकाशी आल्या. रस्त्याच्या कडेला, पिशवी खाली ठेवून. "तू ऐकलंस म्हणते ती. ऐकलंस का?"

"ऐकलं."

"सांगशील?"

"सांगेन," मी म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो होतो, हे मला आजही आठवतं, आणि आठवून काही उपयोग होत नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात लवकर ये, म्हणाल्या, आधी भाकरी खायची. त्यांच्या पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी कायम असे. "उपाशी माणूस उलटतपासणीत लवकर हो म्हणतो," असं त्यांचं म्हणणं. साक्षीदाराला त्या कायदा कधी शिकवत नसत. एवढंच सांगत, "जेवढं कानावर पडलं तेवढंच बोल. त्याच्या पुढचं माझ्यावर सोड."

आदल्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याने मला धमकी दिली असती तर आज सांगायला बरं वाटलं असतं. त्याने खुर्ची दिली. माझ्या बायकोची चौकशी केली. तिलाही तेव्हा दिवस होते. "तुझं पर्मनंटचं या महिन्यात बघतो," म्हणाला. "आणि उद्या रजा पाहिजे असेल तर घे की. कोर्टात गर्दी असते, सांभाळून जा." बस एवढंच. बाहेर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी दोनदा "हो साहेब" म्हणून आलोय आणि कशाला ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात गेलो. हे कुणालाच माहीत नाही. आवारात लिंबाखाली टंकलेखक बसतात, त्यांच्या ताडपत्रीच्या मागे सायकलींची रांग होती. तिथे मी उभा राहिलो. वाटत होतं, नाव ऐकलं की पाय आपोआप निघतील. पट्टेवाल्याने पुकारा केला. दिगंबर मारुती माने. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. पाय निघाले नाहीत. मग अक्का स्वतः व्हरांड्याच्या कठड्याशी आल्या. त्यांच्या मागे भाग्या, नऊ महिने भरत आलेली, भिंतीला हात लावून. अक्कांनी हाक मारली, अगदी घरातल्याला मारावी तशी. "दिगू, आहेस का रे बा?"

एका सायकलीच्या घंटीवर माझा हात होता. ती वाजू नये म्हणून मी तळव्याने दाबून धरली होती.

त्यांना पुढची तारीख मिळाली. अक्का पुन्हा फाटकाशी आल्या. मी म्हणालो, "अक्का, मागांच्या आवाजात मला तेव्हा नीट ऐकूच आलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माग बंद होते रे. जेवणाची सुट्टी होती." मग त्या म्हणाल्या, "इरली बिडु. बायकोला कितवा महिना?"

मला वाटलं, सुटलो. त्यांनी माफ केलं. पुढे कितीतरी वर्षांनी, भाजी निवडता निवडता बायको सहज म्हणाली, "अक्का दुसऱ्याचं काही सोडून देत नाहीत, सोडतात ते स्वतःचंच," आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की 'इरली बिडु' हे अक्का फक्त स्वतःच्या अपमानाला म्हणत. म्हणजे मी जे केलं ते त्यांनी भाग्याच्या खात्यावर घातलंच नव्हतं, आपल्याच अंगावर घेतलं होतं. माझ्यावर विश्वास टाकला ही त्यांची चूक, असं.

पुराव्याअभावी तक्रार फेटाळली गेली. भाग्या घरी बसून विड्या वळायला लागली. मी पर्मनंट झालो. माझ्या मुलीच्या बारशाला अक्का बोलावल्याशिवाय आल्या, झबलं घेऊन. त्या दिवशीही मी तोंड उघडलं नाही. घरात पाहुणे होते, असं मी मला सांगितलं. मग पुढे रस्त्यात भेटल्या तेव्हा घाई होती, दवाखान्यात भेटल्या तेव्हा त्यांना बरं नव्हतं. असं करत माझे केस पिकले.

चित्रपट करणारी ऋतुजा नावाची मुलगी पुण्याहून मला शोधत आली. "साक्षीदार का आला नाही, हे मी अक्कांना विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, त्याला यायला जमलं नाही. एवढंच. काका, आम्ही शेवट थोडा बदलतोय. हरलेली केस दाखवली तर लोकांना वाटेल बाईच हरल्या. तुम्ही येता, असं दाखवू. चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल."

खेळ संपल्यावर थिएटरात लोक त्या पोरासाठी शिट्ट्या वाजवत होते. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने माझा हात हातात घेतला. "बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत हे." तिच्या हातातून माझा हात मला काढता येईना, आणि ठेवताही येईना. त्याच रात्री मी ठरवलं, आता अक्कांकडे जायचं.

तोवर अक्कांचं विसरणं सुरू झालं होतं. अक्कलकोट रस्त्याला भाचीच्या घरी असत. भाची नोकरीवर गेली की दिवसभर त्यांच्यापाशी भाग्या बसे. कुणी पगारावर ठेवलेली नव्हती ती. आपण होऊन यायची, डोक्याला तेल घालायची, भाकरी कुस्करून भरवायची. दार तिनेच उघडलं. मला बघून आत वळली.

अक्का खुर्चीत, अंगावर चादर. टीव्हीवर तोच चित्रपट चालू होता. "रोज तेवढंच लावायला लावतात," भाग्या म्हणाली. पडद्यावर पुकारा झाला. अक्कांनी खुर्चीचे हात धरले, उठायला बघितलं, गुडघे उचलले गेले नाहीत. तो पोरगा धावत पायऱ्या चढला. अक्का माझ्याकडे वळल्या, आणि चेहरा असा उजळला की मी मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"दिगू. आलास बघ. मी म्हटलं होतं भाग्याला, येतोय तो, जरा थांब."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो. इतक्या वर्षांची वाक्यं पाठ होती. त्यातलं एकच निघालं. "अक्का, मी तेव्हा आलो नव्हतो."

"कुठं?"

"कोर्टात. भाग्याच्या केसला. बाहेर उभा होतो. तुमची हाक ऐकली मी. आलो नाही."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग घाबऱ्या झाल्यासारख्या भाग्याला म्हणाल्या, "हा काय म्हणतोय ग? आपण जिंकलो न्हवं?"

भाग्याने त्यांचा हात धरला. "चेष्टा करतेत, अक्का. आले हुते की. तुमी हाक मारली आन् पळत आले. जिंकलो की आपण."

"मला वाटलंच," अक्का म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हलकी चापट मारली. "चेष्टा कधीपासनं शिकलास रे तू? भाग्या, ह्याला भाकरी दे. उपाशी दिसतोय."

मी ती भाकरी खाल्ली. काय करणार होतो?

भाग्या दारापर्यंत आली. मी तिची माफी मागणार होतो. तिने बोलूच दिलं नाही. "तुमाला आता हलकं व्हायचंय म्हणून त्यांचं जिंकल्यालं काढून घेता व्हय? लई उशिरा आलाव." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "मी तुमच्यासाठी न्हाय बोलले तसं. ध्यानात ठेवा."

त्यानंतर मी जात राहिलो. पडद्यावर तो पोरगा पायऱ्या चढे, अक्का "आलास" म्हणत, आणि मी "आलो" म्हणे. भाग्या तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाई.

थंडीत अक्का गेल्या. वकील मंडळींनी शोकसभा घेतली, त्याच बाररूममध्ये. अध्यक्षांनी चित्रपटातलाच प्रसंग खरा म्हणून सांगितला आणि म्हणाले, "तो साक्षीदार आज आपल्यात आहे. दिगंबर मारुती माने." मी शेवटच्या रांगेत होतो. त्यांना मी दिसलो नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा.

मी उठलो. माईकपाशी गेलो आणि म्हणालो, "मी आलो नव्हतो. मी बाहेर सायकलींमागे उभा होतो. अक्का केस हरल्या, त्या माझ्यामुळे."

मग अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माईक आपल्याकडे घेतला. "बघा," ते म्हणाले, "हा नम्रपणा. सगळं श्रेय अक्कांना देऊन स्वतः बाजूला होणारी अशी माणसं अक्कांनी घडवली." माना डोलल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. मला आणखी बोलायचं होतं, पण माईक पुढच्या वक्त्याकडे गेला होता.

परत जागेकडे निघालो तेव्हा पाहिलं, सगळे बसलेले होते. दाराजवळ, भिंतीला हात लावून, भाग्या तेवढी उभी होती. माझं नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हाच ती उठली असणार. मी जागेवर जाऊन बसलो. ती आणखी जरा वेळ थांबली, आणि मग सावकाश बसली.