अक्कलदाढेपायी धरलेली संकष्टी

मला अक्कलदाढ सव्विसाव्या वर्षी आली. सांगलीला फोन करून आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "चला, उशिरा का होईना, आली एकदाची!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली, की मला रागाने रिसीव्हर आपटावासा वाटला. एसटीडी बूथमध्ये मी सुजका गाल धरून उभा, मागे चार माणसं रांगेत, आणि आमच्या मातोश्रींना हसू आवरत नाही. मग तिने उपाय सांगितला, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या.

नव्वदच्या दशकातली, मधल्या कुठल्या तरी वर्षाच्या जानेवारीतली ही गोष्ट. मी एका सरकारी कंपनीत नोकरीला होतो. ऑफिस लखनौच्या हजरतगंजात आणि भाड्याची खोली जानकीपुरममध्ये. खाली घरमालकीण अम्मा राहायच्या. विधवा बाई, मुलं बाहेरगावी, त्यामुळे सगळी माया आणि सगळी औषधं माझ्यावर. मी "अम्मा, दाँत..." एवढंच म्हणायचा अवकाश, त्यांनी लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा बुडवून माझ्या तोंडात कोंबला. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मग हिरडी अशी भाजली, की दाढ परवडली पण औषध नको असं झालं. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या रसात कालवलेला हिंग. तिसऱ्या दिवशी मोहरीचं तेल आणि सैंधव. चौथ्या दिवशी पेरूच्या पानांचा काढा, तोही दोन वेळा. ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनी तर "अरे यार, तंबाकू दबा लो, सो जाएगा" म्हणून चिमूटभर तंबाखू दिली. दाढ झोपली नाही, मीच भोवळ येऊन रजिस्टरवर आडवा झालो.

खरं तर या सगळ्यात कामाचं एकच होतं, कोमट पाण्यात मीठ. गुळणी केली की तासभर बरं वाटायचं. पण एवढ्या साध्या उपायावर कुणाचा विश्वास बसेना, माझाही नाही.

मग डॉक्टरकडे का गेलो नाही? मी भित्रा आहे म्हणून. आता लपवायचं काय त्यात! दातांच्या डॉक्टरची ती खुर्ची नुसती आठवली तरी मी तोंड घट्ट मिटून घ्यायचो. ऑफिसच्या रस्त्यावरच एक दवाखाना होता, त्याच्यासमोरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मला मुलगी बघायला जायचं होतं.

ती मुलगी मी आधीच बघितली होती, हीच तर गोम. गणपतीत आम्हा लखनौतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असायचा. तिथे ही पोरगी मांडववाल्याशी भांडत होती. दिव्यांच्या माळेतले निम्मे दिवे बंद होते आणि ती कमरेवर हात ठेवून अस्सल लखनवी हिंदीत, एकही वाकडा शब्द न वापरता त्याची अशी काही हजेरी घेत होती, की तो बिचारा "जी दीदी, जी दीदी" करत शिडीवर चढला. मी तिथेच खलास. आईला कळवलं, आईने कुणाकुणाला पत्रं लिहिली, आणि चार महिन्यांनी बोलावणं आलं. रविवारी संध्याकाळी या, पोहे खायला. आता दाढेपायी तारीख पुढे ढकलली तर त्यांना वाटणार, मुलाच्या मनात नाही. मग दुसरा कुणी तरी येणार. ते मला चालणार नव्हतं. मुलगी हातची गेली असती तर मी जन्मभर त्या दाढेला शिव्या दिल्या असत्या.

रविवारी सकाळी अम्मांनी सांगितलं, "आज हमारा सकट का व्रत है बेटा, चूल्हा नहीं जलेगा।" मुलांसाठी तिकडच्या बायका चतुर्थीचा हा उपास करतात. मग दुपारी मी कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन अंड्यांची भुर्जी न चावता गिळली, लवंगेचा ताजा बोळा दाढेखाली दाबला, मफलरने अर्धं तोंड गुंडाळलं आणि टेम्पो बदलत बदलत पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनी नगरला पोचलो. धुकं असं की समोरचा माणूस अंगावर आल्यावरच कळावा.

तिचे वडील हवाई दलात हवामान विभागात होते. ताठ कणा, पिळदार मिशी. आई मूळच्या वाईच्या, गोड बोलणाऱ्या. आणि ती. बदल्यांवर बदल्या होत सगळं आयुष्य उत्तरेत गेलेलं. मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की हिंदी.

काकूंनी बशी पुढे केली. पोह्यांत खमंग शेंगदाणे, वर कुरकुरीत शेव, बाजूला चकल्या. माझं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. चकली बघूनच डोळ्यांत पाणी आलं. काही तरी बोलायला हवं होतं आणि डोक्यात सकाळपासून अम्मांचं तेच घोळत होतं, म्हणून बोलून गेलो, "माफ करा काकू, आज माझा उपास आहे."

काकूंचा चेहरा जो काय उजळला म्हणता!

"म्हणजे तुम्ही संकष्टी करता! अहो, ऐकलंत का? आजकालच्या मुलांत कोण करतं हो! आमचीसुद्धा आहे. थांबा, थांबा."

पोहे गेले आणि उपासाचं आलं. साबुदाण्याचे कडक तळलेले वडे, दाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की. आगीतून उठून फुफाट्यात! मी चिक्की कोटाच्या खिशात सरकवली, वडा चहात बुडवायला गेलो तर काका "हे काय?" म्हणून बघायला लागले. शेवटी एक लाडू तोंडात धरून बसलो, विरघळेल तेव्हा विरघळेल.

"आता चंद्रोदयानंतर जेवूनच जायचं," काकू म्हणाल्या.

मेलो! संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. चंद्र कधी उगवणार यावरून घरात वाद पेटला. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात वेळ होती ती पुण्याची. काकूंचं म्हणणं, देवाने जी दिली ती वेळ. काकांचं म्हणणं, लखनौ पुण्याच्या पूर्वेला आहे, इथे चंद्र अर्धा तास तरी आधी येतो, आणि वीस वर्षं संकष्टीला ही बाई मला उगाच अर्धा तास उपाशी ठेवते. "तुम्हाला एवढं कळतं तर दाखवा की चंद्र!" काकू म्हणाल्या. मग आठ वाजून गेल्यावर आम्ही सगळे चंद्र बघायला गच्चीवर गेलो. चंद्र कसला, शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही दिसत नव्हती. हवामानवाले काका धुक्यात बोट रोखून "तिथे आहे, तिथे आहे" म्हणत होते आणि काकू "कुठे? कुठे?" करत होत्या.

तेवढ्यात आम्हा दोघांना एका कोपऱ्यात बोलायला मिळालं. गार वारा गालावरून गेला की दाढेतून थेट कानात कळ जायची. पण मी हसरा चेहरा धरून होतो.

"आप हर महीने चतुर्थी रखते हैं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. एकदा खोटं बोललो की पुढे काय, उतारच असतो.

"और भी कोई व्रत?"

मला वाटलं, घर धार्मिक आहे, हीच संधी. ठोकून दिलं, "गुरुवार करतो."

"अच्छा।"

"शनिवारपण. मारुतीचा."

"अच्छा..."

"एकादशी तर आमच्याकडे सगळेच करतात." वास्तविक आमच्या घरात एकादशी करायचा तो फक्त आमचा कुत्रा, तोही कुणी खायला घालायला विसरलं तर.

प्रत्येक "अच्छा" आधीच्यापेक्षा बारीक होत गेला. ती शालीत हात घालून धुक्याकडे बघायला लागली. मला वाटलं, भारावली. गाढव कुठला!

शेवटी काकांनी घड्याळ बघून "उगवला!" असं जाहीर केलं. काकू कुरकुरल्या, पण भूक त्यांनाही लागली असणार. सगळे खाली देवासमोर उभे राहिलो. काकूंनी निरांजन लावलं आणि तबक चक्क माझ्या हातात दिलं. "आज आरती पाहुण्यांनी म्हणायची. मोठ्यांदा हं!"

ती समोर उभी. काका टाळ घेऊन तयार. आता माघार कशी घेणार? देवाचं नाव घेतलं आणि आठ दिवसांत उघडलं नव्हतं एवढं तोंड उघडलं. जबड्यात काही तरी कट्कन वाजलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि लवंगेचा बोळा तोंडातून सुटून थेट निरांजनात पडला. तेलाने निथळत होता तो. भस्सकन पेटला. "अगंबाई!" करून काकू मागे सरल्या, काकांनी टाळ टाकून फुलपात्रातलं पाणी तबकात ओतलं, आणि घरभर लवंगेचा वास सुटला.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

मला आधीच दुखत होतं, भूक लागली होती, लाज वाटत होती, आणि या तिन्हींचा मिळून एकदम राग आला. स्वतःचाच. म्हटलं, गेलं सगळं उडत!

"लवंगेचा बोळा आहे, काका! आठ दिवस दाढ दुखतेय. लवंग झाली, हिंग झाला, तुरटी झाली, तंबाखूसुद्धा झाली. चकली चावता येईना म्हणून उपास सांगितला. उपासबिपास काही नाही माझा. दुपारी अंड्याची भुर्जी खाऊन आलोय."

"संकष्टीला अंडं!" काकू पाटावर बसल्याच.

मी तबक खाली ठेवलं आणि मफलर शोधायला लागलो. आता इथून निघायचं, अम्मांच्या पेरूच्या काढ्याकडे. एवढं वाईट मला त्या दाढदुखीतही वाटलं नव्हतं.

"और गुरुवार?" मागून तिचा आवाज आला.

"नाही," मी म्हणालो.

"शनिवार?"

"नाही."

"एकादशी भी नहीं?"

"एकही नाही. मी मटण खातो. श्रावणातसुद्धा."

तिने एक मोठा श्वास सोडला आणि आईकडे वळली. "मम्मी, मेरी तरफ़ से हाँ है।"

"अगं, खोटं बोलला तो! देवासमोर उघडा पडला!"

"हाँ, पर व्रत नहीं रखता। मैं तो ऊपर छत पर मना करने वाली थी। सारी ज़िंदगी साबूदाना कौन खाएगा?"

काकूंनी कपाळावर हात मारला. काकांनी मिशीवरून हात फिरवला, बहुधा हसू लपवत असावेत. मग एकदम हवाई दलातल्या करड्या आवाजात म्हणाले, "आधी दाढ. मग बाकीची बोलणी. उद्या सकाळी नऊला मी स्वतः तुम्हाला डेंटिस्टकडे घेऊन जातो."

तोंडात रक्ताची चव होती, गाल पुरणपोळीसारखा फुगला होता. मी मफलर टाकून उभाच राहिलो.

"नऊला कशाला, काका," मी म्हणालो, "आठलाच जाऊ की."