आडनावापुरती संगीतकार

सिनेमाला संगीत देणारी बाई तेव्हा पुण्यात कुणी पाहिलेली नव्हती. मलाही तसं काही व्हायचं नव्हतं. माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते आणि आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. सकाळचा स्वयंपाक उरकला की मी पेटी काढून बसायची. यजमानांचे एक शाळासोबती सिनेमे काढत. त्यांचा ठरलेला संगीतकार ऐन वेळी मुंबईला निघून गेला आणि ते आमच्याकडे तक्रार करायला आले. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "गाण्याचे शब्द तर दाखवा." चहा होईपर्यंत पहिल्या गाण्याची चाल झाली होती.

डेक्कनपलीकडच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी गेले तेव्हा अकरा वादक बसले होते. कुणी उठलं नाही. मुख्य व्हायोलिनवाले म्हणाले, "बाई, आमटीत मीठ टाकतात तसं अंदाजानं चालत नाही इथं."

मी म्हटलं, "तुमचा पंचम उतरलाय. आधी तो लावून घ्या, मग मिठाचं बघू."

तो मुद्दाम उतरवलेला होता, माझी परीक्षा घ्यायला. लष्कर भागातले एक वयस्कर क्लॅरिनेटवाले होते, त्यांनी तेवढी मान हलवली. पाच गाणी मी तीन आठवड्यांत उभी केली. त्या तीन आठवड्यांइतकी सुखी मी पुढे कधी झाले नाही.

सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर नाव घालायची वेळ आली तेव्हा निर्माते घरी आले. "वहिनी, बाईचं नाव दिसलं की लोकांना वाटतं भजनांचा सिनेमा आहे. नुसतं आडनाव घालू या. आडनाव तुमचंच ना?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मीही मान डोलावली. आडनाव माझं नव्हतं, त्यांचं होतं, हे माझ्या ध्यानात यायला सिनेमा लागावा लागला.

गाणी गाजली. लक्ष्मी रस्त्यावर दुकानादुकानांतून ऐकू यायची. लोक यजमानांना रस्त्यात अडवून हात हातात घ्यायचे. सुरुवातीला ते म्हणायचे, "छे छे, मी कुठला!" लोकांना तो विनय वाटायचा. महिन्याभरात त्यांनी छे छे म्हणायचं सोडलं. कचेरीतल्या मंडळींनी त्यांचा सत्कार केला, तेव्हा त्यांना शाल दिली आणि नारळ मला धरायला दिला. मी पहिल्या रांगेत नारळ घेऊन बसले होते आणि ते भाषणात सांगत होते, चाल सुचते तेव्हा नेमकं काय होतं ते. त्यांना आरतीच्या टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नसत.

दुसऱ्या सिनेमासाठी निर्माते आले ते थेट त्यांच्याकडेच. मी विचारलं, "आणि मी?"

"अहो वहिनी, लोकांना आता हे ठाऊक झालेत. तुम्ही घरी चाली करा, हे स्टुडिओत सांगतील. काय फरक पडतो?"

यजमान म्हणाले, "तुला उन्हातान्हाचं जावं लागणार नाही." त्यांच्या आवाजात खरोखरच काळजी होती. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

मी चार चाली केल्या, त्यांच्याकडून घोकून घेतल्या. पाचवी करायला मी बसलेच नाही. माझ्या माहेरी एक जुनं नाट्यपद सगळ्यांच्या तोंडी होतं. पुण्यातल्या कुठल्याही गाणाऱ्यानं ते ओळखलं असतं. दादरा तालातलं पद मी केरव्यात बसवलं, मुखडा थोडा फिरवला आणि त्यांना शिकवलं. ते म्हणाले, "ही सगळ्यात छान झालीय."

"हो ना? हीच आधी ऐकवा."

तालमीला मी गेले, कागद सांभाळायला म्हणून. यजमानांनी उभं राहून, हात हलवत, चाल गुणगुणून दाखवली. व्हायोलिनवाल्यांनी गज खाली ठेवला. क्लॅरिनेटवाल्यांनी तीच ओळ वाजवली, पण मूळ दादऱ्यात, आणि न थांबता पुढचा अंतराही वाजवला, जो यजमानांनी अजून म्हटलाच नव्हता. सगळी खोली हसायला लागली. तबलजी तर डग्ग्यावर डोकं टेकून हसत होता. यजमानांना काय झालं ते कळेना. तेही जरा हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद नीट लावत राहिले.

निर्माते समोरच खुर्चीवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "चोरायची तर जरा लांबची तरी चोरायची."

एका वाक्यात ते सुटले असते: चाल बायकोनं दिली. पण ते म्हटलं की आधीच्या पाच चालीही माझ्या ठरल्या असत्या. मी त्या वाक्याची वाट पाहत होते. त्यांनी अंगावरची ती सत्काराची शाल आवरली आणि ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी निर्मात्यांकडे गेले. म्हटलं, "पहिली पाच माझी आहेत. तुम्हाला ठाऊक आहे. आता माझ्या नावानं काम द्या."

त्यांनी विचारलं, "म्हणजे ही चोरीही तुमचीच?"

रात्रंदिवस विचार करून रचलेल्या त्या डावात एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पुढे ज्या ज्या स्टुडिओत गेले, तिथं आडनाव सांगितलं की लोक ओठ दाबून बसायचे.

यजमान रजा संपवून कचेरीत परत गेले; बातमी त्यांच्याआधीच तिथं पोचली होती. ते जिना चढू लागले की वरून कुणीतरी त्या नाट्यपदाची शीळ घालायचं. हे मी डबा द्यायला गेले तेव्हा स्वतः ऐकलं. निवृत्त होईपर्यंत कुणाला त्याचा कंटाळा आला नाही. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला लागले, प्रार्थना आणि स्वागतगीतं. घरात आम्ही दूध, भाजी, पाहुणे एवढंच बोलायचो.

त्यांनी विचारलं ते थेट पंचवीस वर्षांनी, एका रविवारी सकाळी. आम्ही मटार सोलत होतो.

"ती चाल मुद्दाम दिलीस ना?"

"हो."

"मला ओळखता आली नाही."

"येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच दिली."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग खाली बघतच म्हणाले, "आधीच्या पाच फार सुंदर होत्या. तुझ्यासारखं काम तेव्हा कुणी करत नव्हतं."

एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी काढलेले ते पहिले चांगले शब्द. ते त्यांना सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

त्यांनी ताटातली टरफलं गोळा केली आणि ती टाकायला ते उठून गेले. त्यानंतर ते दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत ते वाक्य मागे घ्यायला मला सातशेतरी सकाळी मिळाल्या. मी घेतलं नाही. आज घेतलं असतं का, हेही मला खात्रीनं सांगता येत नाही.