हात शिकतो

फरीदाबादला निर्यातीच्या कपड्यांचे नवे कारखाने निघत होते, तेव्हा मी दर शनिवारी तिथल्या एका शिवणकेंद्रात जायची. शिकणाऱ्या बायकांना परदेशातून मदत करणाऱ्यांची पत्रं यायची. ती मी हिंदीत वाचून दाखवायची आणि बायकांची उत्तरं इंग्रजीत लिहायची.

त्या बायकांतली एक अजून आठवते. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला दोन मुलींसह घराबाहेर काढलं होतं. उत्तर सांगताना ती पदर सावरून ताठ बसायची. मजकूर ठरलेला: मी बरी आहे, मुली शाळेत जातात, आभार.

एकदा तिला मदत करणाऱ्या तिकडच्या बाईंनी कळवलं, की त्यांचे यजमान वारले. ऐकून ती बराच वेळ मांडीवरचं कापड सारखं करत राहिली.

"दीदी, आज मेरा कुछ मत लिखिए," ती म्हणाली. "लिखिए कि शुरू में उनके हिस्से का आटा भी निकल जाता है. निकलने दें. धीरे-धीरे हाथ सीख जाता है."

तिकडे रोज कणीक मळत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. तिचं वाक्य तसंच लिहिलं.

उत्तर चार पानी आलं. बाईंनी पहिल्यांदाच स्वतःबद्दल लिहिलं होतं. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.