चिमटीतले तेल

गाडी कुठलीही येवो, मिस्त्री आधी बॉनेट उघडायचा, तेलाची पट्टी ओढायचा, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरायचा आणि डोळे मिटायचा. बोटे एकमेकांवर हळूहळू फिरत राहत. गाडीवाला श्वास रोखून उभा. मग मिस्त्री डोळे उघडून सांगायचा, "अजून चालेल," नाहीतर, "मेलंय हे. काढ."

या सवयीवरूनच त्याला चिमटी म्हणत. खरे नाव बायकोला ठाऊक असेल, पण तीही त्याला 'अहो' म्हणूनच हाक मारायची, त्यामुळे ते नाव वापराविना गंजून गेले होते.

गॅरेज चढावरच्या रस्त्याला, त्याच्या घराच्या पोटात होते. वर राहायच्या खोल्या, खाली गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत बायकोचे शिलाई मशीन. ती गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवायची. पुढे हातोडी वाजे, मागे मशीन चाले, आणि संसार या दोन आवाजांच्या मधोमध बसलेला असे. गाव उंचावर. हिवाळ्यात सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाची साय धरायची आणि चाव्यांचे जुडगे हाताला चावायचे.

चिमटीची एकच मुलगी. लहानपणी ती खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसे. बाप तिच्या बोटांवर थेंब ठेवी.

"डोळे मीट. काय सांगतंय?"

"खरखरतंय."

"म्हणजे?"

"जळलंय. धातूचा चुराही आहे."

"शाब्बास! माझी बोटं घेऊन आली आहेस तू."

हे वाक्य त्याने किती जणांपुढे म्हटले असेल त्याला गणती नाही. त्याला मुलगा नव्हता, त्याचे त्याला कधी काही वाटले नाही. बोटे पुढे गेली होती, तेवढ्यावर तो तृप्त होता.

मुलगी मोठी झाली, ड्रायव्हर झाली आणि गावातच वेगळी राहू लागली. बरीच वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवून तिने स्वतःची नवी गाडी घेतली. ज्यांचे रक्त यंत्रावर धुवावे लागते असे पेशंट ती ठरलेल्या दिवशी खालच्या दरीतल्या हॉस्पिटलात नेई आणि परत आणी. हे काम असे की दिवस चुकवून चालत नाही. गाडी बंद तर माणूस बंद.

गाडी घरी आली त्या दिवशी चिमटीने तिला फडक्याने पुसून काढले, जणू न्हाऊन आलेले मूल. मुलगी म्हणाली, "बाबा, कंपनीचं वर्कशॉप खाली आहे. पण मी तिथं जाणार नाही. तुमचा हात आहे तोवर हिचं बॉनेट दुसरा कोणी उघडणार नाही."

चिमटीला याहून मोठा मान कुठून मिळणार होता? उतारावरच्या वर्कशॉपने एकेक करून त्याची नवी गिऱ्हाइके ओढून नेली होती. त्याच्याकडे उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या गाड्या आणि म्हातारे ड्रायव्हर. पोरीची गाडी आपल्या हाताखाली आहे, एवढ्यावर तो रस्त्याने मान ताठ ठेवून चालू शकत होता.

"फक्त एक," मुलगी म्हणाली. "तेल मी आणून देईन तेच घालायचं. इंजिनाच्या झाकणावर लिहिलंय ते."

तिने डबा ठेवला. चिमटीने डबा उघडून थेंब चिमटीत घेतला. डोळे मिटायच्या आधीच तेल बोटांवरून पळाले.

"हे तेल आहे? पाणी आहे हे! तळहातावर ठरत नाही, ते बेअरिंगवर काय ठरणार?"

"या इंजिनाला तेच लागतं, बाबा. आतल्या फटी केसासारख्या असतात. तेल वरपर्यंत लगेच पोचायला हवं."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी बनवलंय ते."

"त्यांचं काय जातंय! थोडं पेट्रोल वाचलं की कागदावर मिरवता येतं. इंजिन झिजलं की नवी गाडी खपते. मी डोळ्यांनी बघितलंय पोरी."

बघितले होते, हे खोटे नव्हते. तरुणपणी तो ज्या उस्तादाकडे शिकला, त्याच्याकडे एक ट्रक होता. इंजिन पार ढिले झालेले. एका घाईच्या दिवशी उस्तादाने त्यात हाताशी होते ते पातळ तेल ओतले. मोठ्या झालेल्या फटींतून ते निसटत गेले, दाब पडला आणि चढावर बेअरिंग बोलू लागले. तो आवाज चिमटीच्या कानात कायमचा घर करून राहिला. ट्रक गेला, उस्तादाचा धंदा गेला. त्या जुन्या इंजिनाचे ते खरेच होते. चिमटीने ते खरे सगळ्या इंजिनांना लावले, आणि पुढची सगळी वर्षे लावतच राहिला.

"तो ट्रक माझ्या जन्माआधीचा," मुलगी हसून म्हणाली. "त्याची ढिली हाडं माझ्या गाडीला लावू नका. घालाल ना हेच?"

"घालतो बाई, घालतो."

पहिल्यांदा त्याने तेच घातले. पण त्याला झोप लागेना. पोरीची गाडी घाटाने निघाली की आवाज विरेपर्यंत तो कान देऊन उभा राही. त्याला वाटे, आत लोखंडावर लोखंड घासतेय आणि आपण जाणूनबुजून गप्प बसलोय. पुढच्या वेळी तेल बदलायला गाडी खड्ड्यावर आली, तेव्हा मुलगी जेवायला वर गेलेली असताना त्याने कोपऱ्यातल्या पिंपाचे दाट, मधासारखे तेल इंजिनात ओतले. ते संथ धारेने आत उतरताना बघून त्याला बरे वाटले. तापलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावे तसे.

मुलीने आणलेले तेल फेकवेना. ते त्याने बायकोच्या मशीनच्या कुपीत भरले, शटरच्या खाचांना सोडले.

"अहो, हे कुठलं तेल?" बायको मागून ओरडली. "मशीन बघा कसं पळतंय! इतकी वर्षं ते काय ओतत होतात?"

"जास्त झालंय म्हणून दिलं," चिमटी म्हणाला.

हिवाळा उतरला. एका सकाळी मुलगी गॅरेजपुढे रात्रभर ठेवलेली गाडी चालू करून उभी राहिली. बॉनेटखालून टकटक टकटक येत होती. बऱ्याच वेळाने आवाज बसला.

"बाबा, ही आधी असं करत नव्हती."

"थंडी आहे. जरा तापू दे."

"तेलाचा दिवाही लागतोय मधूनमधून. खाली एकदा दाखवून येऊ का?"

"खाली?" चिमटीच्या हातातला पाना थांबला. "खाली नेलीस की ते म्हणतील, म्हाताऱ्याला हात लावू देऊ नका. मग तू माझ्याकडे येशील ती फक्त चहाला."

मुलीने बॉनेट लावले आणि पेशंट घ्यायला गेली.

चिमटी विचार करत बसला. तो मूर्ख नव्हता. टकटक कशाची हे त्याला कळत होते. तेल वर पोचायला उशीर होतोय. पण तेल दाट म्हणून उशीर होतोय, हा विचार दाराशी आला तेव्हा त्याने दार लावून घेतले. त्याने स्वतःला समजावले की पहिल्या खेपेच्या त्या पाण्याने आत खाल्ले असणार, आणि आता झीज वाढू नये तर पांघरूण आणखी जाड हवे. पुढच्या बदलाला त्याने पिंपातले तेल ओतलेच, वर त्याहून दाट तेलाचा डबाही रिकामा केला.

आणि एका गोठलेल्या सकाळी घाट उतरताना मध्येच लागणाऱ्या चढावर गाडीने मान टाकली. आवाज आला, ताकद गेली, दिवे लागले. मागे दोन पेशंट. मुलीने हात करून भाजीचा टेम्पो थांबवला, म्हाताऱ्या माणसांना कोबीच्या पोत्यांमध्ये बसवले, स्वतः त्यांना धरून बसली आणि हॉस्पिटलात पोचवले. उशीर झाला, पण माणसे वाचली. गाडी दोराने ओढून गॅरेजला आली.

त्या दिवशी चिमटीने घाई केली. मुलगी परतायच्या आत त्याने तेल खाली परातीत सोडले आणि इंजिनाचे वरचे झाकण काढले. बाहेर ब्रेक येऊन बसलाच होता. ब्रेक म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, कोणी बोलायला लागला की मध्येच थांबवणारा. त्याच्यामागून आणखी दोनचार रिकामटेकडे आले.

वर फिरणाऱ्या दांड्यांच्या बैठकींवर ओरखडे होते. खोल, नखात अडकतील असे.

"बघा!" चिमटी ओरडला. त्याच्या आवाजात दुःख होते, पण त्याच्याखाली काहीतरी उजळले होते. "मी म्हणत होतो की नाही? पातळ तेलानं खाल्लं! नव्या गाडीचं हे!"

"मी तर पहिल्याच दिवशी—" ब्रेक सुरू झाला.

"तू पहिल्याच दिवशी चहा मागत होतास," कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

"हसा!" ब्रेक म्हणाला. "पण मिस्त्रीची चिमटी खोटी नाही पडत. कंपन्या लुटतात लुटतात आणि—"

तेवढ्यात मुलगी आली. कपड्यांना कोबीचा वास, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. वाकून तिने ओरखडे पाहिले. मग खाली परात पाहिली. परातीतले तेल थंडीने साखळले होते, कडेला सुरकुती धरून. ती उकिडवी बसली, अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवली आणि डोळे मिटले.

ब्रेकसुद्धा पुढे वाकला.

तिची बोटे एकमेकांवर हळूहळू फिरली. अगदी बापासारखी.

"बाबा, हे माझं तेल नाही."

"जळून घट्ट होतं तेल," चिमटी म्हणाला.

"जळलेलं खरखरतं. तुम्हीच शिकवलंत." तिचे डोळे अजून मिटलेले होते. "हे खरखरत नाही. हे ओढतंय."

"अगं, तुझी बोटं गारठली आहेत..."

"आई," मुलीने मागच्या खोलीकडे हाक मारली, "मशीनला कुठलं तेल घालतेस?"

मशीन थांबले. आई कुपी घेऊन दारात आली. तिला काहीच ठाऊक नव्हते, म्हणून हसत म्हणाली, "यांनी दिलंय. लोण्यासारखं चालतंय बघ."

मुलीने दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक थेंब घेतला. तो तिच्या बोटांवरून पळाला. दोन्ही हात तिने बापापुढे धरले, एकात दाट, एकात पातळ, आणि विचारले, "काय सांगतंय, बाबा?"

चिमटीने हात पुढे केला नाही. त्याने डोळेही मिटले नाहीत. आईच्या चेहऱ्यावरचे हसू उतरायला वेळ लागला, ते आधी ओठांवरून गेले आणि मग डोळ्यांतून.

"तुझ्या भल्यासाठी..." चिमटी म्हणाला. "तुझं इंजिन झिजू नये म्हणून."

"भलं करायचं होतं तर मला सांगून करायचं होतंत. मी भांडले असते. जेवायला बसल्यावर भांडले असते, इतकंच." तिने फडके घेऊन बोटे पुसली, एकेक, नीट. "आज मागे दोन माणसं होती माझ्या."

ती बाहेर जाऊन फोनवर बोलली. ओढून न्यायला खालच्या वर्कशॉपची गाडी आली. मुलीच्या गाडीचे इंजिन उघडेच होते. काढलेले झाकण चिमटी बसवू लागला, तर ती म्हणाली, "राहू द्या. ते लावतील." आणि झाकण पुढच्या सीटवर, आईने शिवलेल्या कव्हरवर ठेवले.

ब्रेक आणि इतरांनी सगळे ऐकले, पण कुठले तेल कुठे गेले ते त्यांना नीटसे उमगले नाही. त्यांना एवढेच कळले की इंजिन खराब झाले आणि पोरगी रागावली. मुलीने कोणालाही काही सांगितले नाही. त्यामुळे चिमटीचे नाव राहिले. आजही ब्रेक नव्या गाडीवाल्याला अडवून सांगतो, "पातळ तेल घालू नका, मिस्त्रीच्या घरातच बघा काय झालं." आणि चिमटी मान खाली घालून पाना फिरवत राहतो. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

मुलीने इंजिनाचा वरचा भाग नवा बसवून घेतला. रोज सकाळी ती चढावरून जाते. गाडी चालू होताच गप्प चालते, टकटक नाही. त्या आवाजावरून चिमटीला कळते आत कुठले तेल आहे. ती आईला भेटायला येते, चहा घेते, बापाला "बरे आहात ना?" विचारते. गाडी मात्र शटरपासून दूर, रस्त्याच्या पलीकडे उभी करते.

मधे बायकोच्या कुपीतले तेल संपले. मशीन कुरकुरू लागले. चिमटीने पिंपातले दाट तेल आणून ठेवले. बायकोने ते घातले नाही. रिकामी कुपी त्याच्यापुढे उलटी ठेवून म्हणाली, "अहो, ते पहिलंच आणा. नाहीतर राहू द्या."

तो दुपारचा खाली गेला. दुकानदाराकडे त्याने हळू आवाजात तेल मागितले, पोरीच्या इंजिनाच्या झाकणावर असते तेच. डबा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. चढाव चढून आला तर ब्रेक दारातच.

"काय आणलंस रे, लपवून?"

"मशीनचं तेल," चिमटी म्हणाला आणि त्याच्याकडे न बघता मागच्या खोलीत गेला.