गेटाबाहेर गेलेली पावलं

देवी आपलं घर सोडून निघून गेली, अशी एका सकाळी माझी खात्रीच पटली होती. उगाच मनाचा खेळ नव्हता. देवघरापासून निघालेली तांदळाच्या पिठाची पावलं ओसरी ओलांडून, अंगणातून, गेटाबाहेर पडून गल्लीच्या वळणापर्यंत गेलेली मी चष्मा लावून पाहिली होती. सगळ्यांची बोटं बाहेरच्या दिशेला होती. मी कंबरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिले आणि मनात म्हटलं, झालं, अडतीस वर्षांची सेवा संपली.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. पुण्याकडचे लोक त्यांना गौरी म्हणतात. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी आपल्या बाळांना घेऊन पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. आमच्या ह्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत अकोल्याहून रायपूरला आले, तेव्हा मुखवटे मांडीवर ठेवून आले होते म्हणे. तेव्हापासून गुढियारीतल्या याच घरात त्या बसतात. सासूबाई जाताना मला दोन नियम बजावून गेल्या. महालक्ष्मीचं अन्न उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि दिवेलागणीच्या आत पाहुणे जेवून पातेली रिकामी झाली पाहिजेत. अन्न उरलं तर देवी उपाशी गेली असं समजायचं. सासूबाईंचा स्वभाव असा होता की त्या गेल्यावरही नियम मोडायची माझी हिंमत झाली नाही. एकदाही मोडला नव्हता, आणि खरं सांगते, त्याचा मला फार गर्व होता.

त्या वर्षी आमच्या घरी मार्ता नावाची पोलंडची मुलगी राहत होती. मुलगा नव्या रायपुरात मंत्रालयात नोकरीला आहे, राहतो आमच्यातच. त्याच्या ओळखीतल्या कोणीतरी मालधक्क्यावरच्या हमालांच्या मुलांसाठी दोन गल्ल्या सोडून त्यांच्याच वस्तीत एक वर्ग चालवला होता. तिथे फुकट शिकवायला ही तेवीस वर्षांची पोरगी सात समुद्र ओलांडून आली होती, आणि तिला म्हणे भारतीय संस्कृतीही जवळून बघायची होती. मुलाने मला न विचारताच संस्कृती बघायला आमचं घर देऊन टाकलं. मी चार दिवस धुसफुसले. पाचव्या दिवशी ती पहाटे उठून माझ्याबरोबर अंगण झाडायला आली, आणि मी तिच्या हातात दुसरा झाडू दिला.

तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. वर्गात ती मुलांकडून हिंदी आणि छत्तीसगढी शिकली, घरात आमच्याकडून वऱ्हाडी, आणि सगळ्यात आधी शिकली तो 'काहून'. सोळा भाज्या काहून? पंधरा काहून नाही? देवीला लुगडं नेसवायला दोन तास काहून? मी स्वयंपाकात अडकले की आमचे हे तिला उत्तरं द्यायचे, आणि माहीत नसलं की बेधडक रचून द्यायचे. ती सगळं वहीत लिहून घ्यायची. आमच्या धर्माबद्दल पोलंडमध्ये आता काय काय वाचलं जात असेल, देव जाणे.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी सकाळपासून सोवळ्यात होते. मार्ता मदतीला जवळ आली तेव्हा मी घाईने म्हटलं, लांब राहा, शिवू नको, मी सोवळ्यात आहे. ती चार पावलं मागे सरली, खोलीत जाऊन तोंडाला मास्क लावून आली आणि ह्यांना हळूच विचारू लागली की काकूंना औषध चालू आहे का. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की तीन दिवसांत उतरेल.

तिला काहीतरी काम द्यावं म्हणून मी लक्ष्मीची पावलं काढायला बसवलं. वळलेली मूठ भिजवलेल्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची, वर बोटांचे पाच ठिपके द्यायचे आणि मग कुंकू सोडायचं. हात तिचा सुरेख होता. मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं की कुठलंही शुभ काम देवापासून सुरू करावं, आणि पिठाचा एक थेंबही वाया घालवू नकोस. संध्याकाळी मुखवटे आत आणले तेव्हा वाफेने धुरकटलेला चष्मा मी ओट्यावरच विसरले होते. ह्यांनी घंटा वाजवली, दोघी बहिणी थाटात आसनावर बसल्या, आणि मी खाली कुठे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाची कडी काढायला गेले आणि बघते तर वर सांगितलं ते. मार्ताला हाक मारली. ती कौतुकाच्या अपेक्षेने धावत आली. मी विचारलं, ही अशी उलटी काहून काढली? आणि गेटाबाहेर कशाला?

"काकू, तुम्ही बोल्ली ना, देवीपासून सुरू," ती म्हणाली. "और पीठ बचा था. वाया नाही घालवायचं. तो मैं काढत काढत वर्गात गेली. वहाँ दरवाजे पे खतम हो गया."

दोन्ही सूचना माझ्याच होत्या. देवीपासून निघून, तोंड गेटाकडे करून, पोरगी पीठ संपेपर्यंत इमानदारीने काढत गेली होती. ह्यांना विचारलं, तुम्हाला काल दिसलं नाही का? तर म्हणाले, "दिसलं ना. मले वाटलं, यंदा तूच काही नवीन तऱ्हा काढली. तुले विचारायची माझी हिंमत नाही झाली." देवी बसल्यानंतर पावलं पुसून दुसरी काढणं म्हणजे पाहुण्याच्या देखत त्याच्या चपला दाराबाहेर फेकणं. मी काहीच केलं नाही. आत गेले आणि पुरण वाटत राहिले.

नऊच्या सुमाराला माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. दरवर्षी जेवायला माझं माहेर येतं. शंकर नगरचे दोघे भाऊ, चुलत भाऊ, त्यांच्या सुना, नातवंडं मिळून तीसेक माणसं. बाकीच्या मराठी घरांत त्यांच्या त्यांच्या महालक्ष्म्या असतात, तेव्हा पाहुणे म्हणून हेच हक्काचे.

"ताई, अमरावतीचे काका रातच्याला गेले," भाऊ म्हणाला. "आमच्या सगळ्यायले दहा दिवसाचं सुतक हाय. कोणीच येऊ नाही शकत."

हे काका नव्वदीच्या पुढचे होते आणि मी त्यांना माझ्या लग्नातच शेवटचं पाहिलं होतं. मी लग्न होऊन दुसऱ्या घरची झाले, म्हणून मला नुसती आंघोळ पुरली. डोक्यावरून पाणी घेताना त्यांच्यासाठी एक थेंब डोळ्यांत आला नाही. एकच विचार होता, की आणखी एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तो विचार आला होता हे खरं आहे.

चुलीवर तीस माणसांचा स्वयंपाक होता आणि घरात आम्ही चौघं. शेजारी जैन कुटुंब आहे, पण त्यांचं पर्व सुरू होतं आणि निम्मं घर उपाशी होतं. मुलगा म्हणाला, "मम्मी, ऑफिसवालों को बुला लूँ?" बोलावलंही. पण नव्या रायपुराहून यायला बस धड मिळत नाही, काम सुटून येईपर्यंत सात वाजतील, असं त्यांनी कळवलं. सातला दिवे लागून गेलेले असतात. म्हणजे अडतीस वर्षांत पहिल्यांदा देवीचं अन्न उरणार होतं.

दुपारी नैवेद्य दाखवला. चार जणांनी आरती म्हटली, त्यातली एक पोलंडची, आणि सूर तेवढा तिचाच बरा लागत होता. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, वडे, कढी, ज्वारीची आंबील, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, सगळं होतं आणि खाणारं कोणी नव्हतं. मार्ता कोपऱ्यात रडवेली होऊन बसली होती, कारण पावलांचा अर्थ ह्यांनी तिला एव्हाना सांगितला होता, या खेपेला न रचता. मी मुखवट्यांकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. मी विचारलं, का गं गेलीस? माझं काय चुकलं ते सांगून तरी जायचंस. मग असंही म्हटलं की आता माझ्या हातात काही नाही, काय ते तू बघ. हे वाक्य मी रोज पोथी मिटताना म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते मनापासून म्हटलं गेलं.

तेवढ्यात गेटाची कडी वाजली.

बाहेर जाऊन बघते, तर वर्गातली मुलं रांगेत उभी. केस तेल लावून चापून बसवलेले, कोणाच्या अंगात शाळेचा गणवेश, कोणाच्या मोठ्या भावाचा शर्ट. पुढे एक बाई, तीजाच्या सणाला माहेरून मिळालेलं नवंकोरं लुगडं नेसून. ती एका मुलीची आई दुलारी, हे मला नंतर कळलं. सगळे पावलांच्या कडेकडेने आले होते, एकावरही पाय पडू दिला नव्हता. त्यांच्यात अगहनातल्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, गुरुवारी बाया अशीच पिठाची पावलं काढतात, त्यामुळे ती कोणाची हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मी मार्ताकडे बघितलं. तिने दोन्ही हात हलवले, म्हणाली, मी नाही बोलावलं.

दुलारी हात जोडून म्हणाली, "माता ह हमर दुआरी तक आय रिहिस, दाई. त हमन आ गेन."

आई आमच्या दारापर्यंत आली होती, म्हणून आम्ही आलो. एवढंच.

आता खरी कबुली देते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पानांच्या द्रोणांत वाढून गेटावरच द्यावं. हीच मुलं चेंडू अंगणात पडला की गेटाबाहेरून ओरडायची आणि मी तो काठीने ढकलून द्यायची. अडतीस वर्षांत त्यांच्या वस्तीतलं कोणी माझ्या ओसरीवर चढलं नव्हतं. पण द्रोण गेटावर नेले तर अन्न उंबरठ्याबाहेर जाणार, आणि ते तर चालणार नव्हतं. सासूबाईंच्या नियमाने मला पुरतं अडवलं. एकच वाट उरली होती. मी बाजूला झाले आणि म्हटलं, या, पाय धुवा, आत या.

मधल्या खोलीत पंगत बसली. मुलांनी फुलोरा बघून माना वर केल्या त्या खाली येईनात. मुखवट्यांच्या पुढ्यात ठेवलेली देवीची बाळं बघून एका मुलीने विचारलं, पहिले ये खाएँगे ना? मी सांगितलं की ती जेवली, आता तुमची पाळी. मी वाढत होते, मार्ता वाढत होती, आमचे हे तूप घेऊन फिरत होते, आणि मुलगा, ज्याने घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता, तो पुरणपोळ्या वाढत होता. माझं सोवळं केव्हा सुटलं ते मला आठवत नाही. कोणाचा तरी चिकट हात पदराला लागला आणि मी तशीच पुढे सरकले.

आंबिलीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती आंबट पेज देवीला लागतेच, पण माझ्या माहेरची मंडळी एक चमचा ओठांना लावून वाटी पानाआड सरकवतात. पुढचे दोन दिवस आम्ही दोघंच ती नाकं मुरडत संपवतो; आंबील तेवढी सासूबाईंनीही नियमात धरली नव्हती. दुलारीने घोट घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "हमर बासी असन हे," ती म्हणाली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात, ती त्यांची बासी; ही तशीच लागते म्हणे. मग काय, सगळ्या पंगतीने आंबील मागून घेतली, कोणी दोनदा, कोणी तीनदा. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा आंबिलीचं पातेलं तळापर्यंत रिकामं होतं. माझ्या हयातीत ते तसं मी प्रथमच पाहिलं. तिथेच ओट्याला टेकून मी पुन्हा रडले, पण या रडण्यात दुःख नव्हतं.

याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे. मार्ताने अर्थ न कळता पावलं काढली, मुलांना तो कळत होता म्हणून ती आली, यात न समजण्यासारखं काही नाही. मला एवढंच कळतं की मी जिला दरवर्षी आत आणून कडी लावून घेत होते, तिला त्या वर्षी स्वतःच पाहुणे बोलवावेसे वाटले. मी फक्त हात टेकले होते, आणि ते टेकायलाही मला अडतीस वर्षं लागली. तिचे आणि त्या परक्या पोरीचे उपकार मी कसे फेडू?

मार्ता कार्तिकात परत गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि निघता निघता विचारलंच, "काकू, रडता काहून?" या वेळी ह्यांनाही उत्तर रचता आलं नाही.

यंदा पावलं मी स्वतः काढली, गुडघे दुखत होते तरी. देवीपासून सुरुवात केली, तोंड गेटाकडे ठेवलं, आणि पीठ मुद्दाम जास्त भिजवलं होतं. हे कुंकवाची वाटी घेऊन माझ्यामागे येत होते. वर्गाच्या दाराशी पीठ संपलं तेव्हा त्यांनी मागे वळून सगळ्या गल्लीकडे बघितलं आणि विचारलं, "सारी पावलं तं बाहेर आली. मंग देवी घरी वापस कशी येईन?"

मी म्हटलं, "येईन ना. पोट्ट्यायसंग."