हात लावायचा न्हाई असं यंत्र

मोटारी भरायच्या दुकानात किस्से तांब्याच्या तारेच्या तुकड्यांसारखे पायाखाली साचतात. एरवी मी गिऱ्हाइकांचे सांगते आणि लोकांना हसवते. हे माझे स्वतःचे आहेत. सांगताना मान खाली जाते.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासून मी रेणापुरात पंपाच्या मोटारी भरते, म्हंजे जळकी तार काढून नवी गुंडाळते. कुणी शिकवलं न्हाई. जळक्या मोटारी उकलून शिकले. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात बोअर आटले, पंप बंद, दुकान रिकामं. तेव्हा इंजिनिअरिंगची संघमित्रा आणि तिच्या वर्गातला समीर त्यांचा रोबोट घेऊन तिथं काम करायला आले. पांढऱ्या फ्लेक्सवरची काळी रेघ बघत त्यानं आपलं आपण चालायचं. नांदेडच्या स्पर्धेत पहिला आला तरच पुण्याची फायनल. दोघांचं शेवटचं वर्ष.

*

"ही मोटार हाय का सुपारी?" म्हणत मी रोबोटची इवलीशी मोटार उघडली. आतला वीज पोचवणारा ब्रश उडाला, सापडलाच न्हाई.

"आधीच तुटलेला होता," मी ठणकावलं.

"हाव आजी, असंल," संघा म्हणाली. तिनं गुमान नवी मोटार मागवली.

*

अंगणात रोबोट रेघ सोडून नुसता गोल फिरायचा. "तुझा प्रोग्रामच आंधळा," म्हणून मी समीरला दोन दिवस झापलं. तिसऱ्या दिवशी संघानं वर छत्री धरली. सरळ चालला!

"सेन्सरला ऊन सोसत न्हाई, आजी."

"मग आधी बोलायचं न्हाई का?"

"बोललो होतो की," समीर म्हणाला. "तवा तुम्हीच बोलत होत्या."

*

एका गिऱ्हाइकाला मी ऐटीत सांगितलं, "मीच शिकवलंय पोरांना."

"ते आपोआप चालतंय म्हणता, मग तुम्ही काय करायलात?"

मी संघाकडं बघितलं. ती म्हणाली, "आजी जागा देतात."

खरं होतं, म्हणून लई लागलं.

*

नांदेडला संघानं मला टीमसोबत टेबलापाशी उभं केलं. नियम दोनदा सांगितलेला: रोबोट सुटल्यावर कुणाचा हात लागला तर टीम बाद.

रेघेच्या शेवटच्या फाट्यावर रोबोट थांबला. वाट निवडायला तिथं थांबतोच, संघानंच तसं बसवलेलं. मी कैकदा पाहिलेलं. पण अडलेल्या मोटारीला बोटानं झटका द्यायचा, ही हयातभराची सवय. बोट गेलं.

परीक्षकांची नजर घड्याळावर होती. त्यांनी मान वर केली तर रोबोट रेघेवरून ढकललेला. "हात कुणी लावला?"

उभ्या तालुक्यात मी कुणाला भीत न्हाई. तोंड उघडलं न्हाई.

"मी लावला, सर," संघा म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. तिनं ते मला दिलं. मी प्याले.