आईचा तोफू आणि दौंडची खाणावळ

आमच्या आईनं शिरूरच्या मिशन बोर्डिंगच्या चुलीवर तोफू केला, तेव्हा पुण्यातल्या शहाण्यांनाही तो खातात की अंगाला लावतात हे माहीत नव्हतं. हे मी फुशारकीनंच सांगते आहे. आईची फुशारकी मारायला मला कधी लाज वाटली नाही.

आई बोर्डिंगची स्वयंपाकीण. एका वर्षी मिशनच्या शेतावर सोयाबीन लावून बघायला एक जपानी बाई आल्या आणि चार महिने राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पाट्यावरवंट्याशी शेजारी बसल्यावर भाषा कशाला लागते? भिजवलेलं सोयाबीन वाटायचं, पाणी घालून उकळायचं, फडक्यातून गाळायचं आणि त्या दुधात बाईंच्या बाटलीतलं कडवट पाणी घालून ते घट्ट करायचं. मग फडक्यात बांधून वर दगड. बाई गेल्या, पुढे बाटलीही संपली. आईनं लिंबू, चिंच सगळं करून पाहिलं. तोफू आंबट व्हायचा. शेवटी पावसाळ्यात खडेमिठाच्या ओलसर पोत्याखाली साचलेलं पाणी तिनं बोटानं चाटलं आणि ओरडलीच, "ह्येच की गं त्ये!" तेच होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बोर्डिंग बंद होणार असं ठरलं. मी शाळेत शिकवत होते, दोघींचं भागलं असतं. तसं म्हटलं तर आई माझ्यावर खेकसली, "लेकीच्या ताटात हात घालून बसू व्हय मी?" तिला स्वतःचं काम हवं होतं. दौंडला स्टेशनाबाहेर एक खाणावळ होती, तिथं रेल्वेची माणसं जेवायची. तिथल्या मालकांना तोफू पुरवायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

एका शनिवारी पितळी डबा घेऊन आम्ही एस.टी.नं दौंड गाठलं. मालक वयस्कर, टोपी घालून गल्ल्यावर बसलेले. आईनं झाकण काढलं. आत पांढऱ्याशुभ्र, लुसलुशीत वड्या. बघताच त्यांनी कानाला हात लावले.

"बाई, चीक विकाया आणलाय? गाय व्याल्यावर शेजारीपाजारी वाटायचा असतो त्यो. वासराचा तळतळाट घिऊ व्हय मी?"

"आप्पा, चीक न्हाई ह्यो. कडधान्याचा हाय."

"म्हंजी कडधान्याला आता आचळं फुटली?"

सगळी खाणावळ खो खो हसली. माझं डोकंच फिरलं. मी डबा उचलणार, तोच आईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "म्होरल्या शनवारी तुमच्याच चुलीवर करून दावते. गाय दिसली तर हाकला मला."

पुढच्या शनिवारी आम्ही भिजवलेलं सोयाबीन घेऊनच गेलो. आईनं त्यांच्याच पाट्यावर ते वाटलं, उकळलं, गाळलं. मिठाच्या पोत्याखालचं पाणी घातलं तरी दूध ढिम्म. आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि स्वस्थ बसली. थोड्या वेळानं झाकण काढलं तर दूध फुटून त्याचे गोळे पाण्यावर तरंगत होते. ते दाबून तिनं वड्या पाडल्या, काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडल्या. मालकांनी भाकरीनं ताट पुसून खाल्लं. मग जेवायला बसलेल्यांनाही तोच रस्सा वाढायला सांगितला.

"गाय न्हाई दिसली," ते म्हणाले. "एक दिवसाआड आणा. पर पुण्यास्नं येतंय म्हणून सांगू. तुमच्या हातचं म्हणलं तर काहीजण पानावरनं उठतील."

आम्ही ख्रिस्ती. मिशनची माणसं ख्रिस्ती होण्याआधी कोणत्या जातीची होती, हे दौंडात सगळ्यांना ठाऊक होतं.

आईनं फडकं धुतलं, पिळलं, घडी केली. "मग पुण्यास्नंच मागवा, आप्पा," एवढंच म्हणाली. हाती आलेलं काम ती स्वतः सोडून निघाली होती. मी तिच्यामागून चालू लागले.

आम्ही दारात पोहोचलो तेवढ्यात पंगतीतून एक इंजिन ड्रायव्हर ओरडला, "आप्पा, ह्ये काय हाय? आनखी वाढा की!"

मालक गल्ल्यावरून उठले. आईकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तोफू हाय. शिरूरच्या ह्या बाईंनी केलाय. खायाचं त्यानं खावं, उठायचं त्यानं उठावं."

दोघं उठले. बाकीच्यांनी पातेलं रिकामं केलं.

मालकांनी आईला पुढच्या बाकावर बसवलं आणि ज्या कपबशीतून गिऱ्हाइकं प्यायची, तिच्यातूनच चहा दिला. आईनं पदर सावरला आणि जराही घाई न करता तो प्यायली. त्या दोघांच्या अर्धवट टाकलेल्या ताटांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. कप बशीत ठेवला आणि विचारलं,

"सोमवारी किती वड्या आणू, आप्पा?"